सनदेची पावणेदोनशे वर्षे

आयर्लंडमधल्या ॲथलोनमध्ये घर घ्यायचे ठरले की बँकेइतकीच गरज लागते ती सॉलिसिटरची. मालकीहक्काचे कागद तो तपासतो, खरेदीखत तो करतो, आणि बहुधा किमतीचा दहावा हिस्सा असलेली इसाराची रक्कम व्यवहार पुरा होईपर्यंत विकणाऱ्याच्या सॉलिसिटरच्या खात्यात राहते. परदेशात पोटाला चिमटा काढून साठवलेली पुंजी अशी दुसऱ्याच्या हाती सोपवताना प्रत्येकाच्या मनात येतेच, की उद्या यात काही खोट निघाली तर दाद कोणाकडे मागायची? आयर्लंडमध्ये आज या प्रश्नाला पक्के उत्तर आहे. ते घडवण्यात सर्वांत मोठा वाटा डब्लिनच्या लॉ सोसायटी ऑफ आयर्लंड या संस्थेचा आहे. १८५२ साली तिला राजसनद मिळाली. त्या सनदेची पावणेदोनशे वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होत आहेत. या शतकोत्तर अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेची वाटचाल इथल्या मराठी वाचकांसमोर मांडत आहोत.

१८३० ते १८५० ची दशके: स्वतःचे घर

आयर्लंडमध्ये वकिली व्यवसायाच्या दोन शाखा आहेत. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करतो तो बॅरिस्टर. अशिलाला भेटणे, कागद करणे, पैसा सांभाळणे, दावा तयार करणे हे सॉलिसिटरचे काम. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेमुळे ही विभागणी मराठी माणसाला अपरिचित नाही. मुंबईच्या सॉलिसिटरांची बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी १८९४ पासून आहे.

डब्लिनमध्ये १५४१ साली किंग्ज इन्स ही संस्था निघाली आणि पुढची तीन शतके दोन्ही शाखांचा कारभार तिच्याच हाती राहिला. मात्र तो कारभार चालवत न्यायाधीश आणि बॅरिस्टर. अटर्नी आणि सॉलिसिटर यांनी तिचे सभासद व्हायचे, शुल्क भरायचे. निर्णयात मात्र त्यांना स्थान नव्हते. बॅरिस्टरांपुढे संसदेची आणि न्यायासनाची वाट मोकळी होती. ॲथलोनचेच उदाहरण घ्यायचे तर इथून १८४७ मध्ये संसदेत निवडून गेलेले विल्यम किओ हे बॅरिस्टर. १८५६ मध्ये ते न्यायाधीश झाले. त्यांच्यासाठी खटल्याचे कागद तयार करणाऱ्या अटर्नीला अशी वाट नव्हती.

हा दुजाभाव सहन न होऊन १८३० मध्ये डब्लिनमधल्या सॉलिसिटरांनी स्वतःची संस्था काढली. १८४१ मध्ये तिची नव्याने घडी बसली आणि फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात तिला जागा मिळाली. १८५१ मध्ये डब्लिनहून निघालेला लोहमार्ग शॅनन नदी ओलांडून ॲथलोनमार्गे गॉलवेला पोहोचला, आणि पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाची सनद आली. या दोन घटना आम्ही मुद्दाम शेजारी ठेवतो. सनदेने संस्था उभी राहिली हे खरे. पण ती राजधानीपुरती न राहता देशभरच्या सॉलिसिटरांची व्हायला मदत केली ती रेल्वेने. मध्य आयर्लंडमधल्या गावचा सॉलिसिटर सकाळी निघून डब्लिनच्या न्यायालयात काम करू शकू लागला.

१८६० ते १८९० ची दशके: हक्क आणि जबाबदारी

१८६६ च्या कायद्याने सॉलिसिटरांची किंग्ज इन्समधून सुटका झाली. १८७७ मध्ये न्यायालयांची पुनर्रचना झाली, तेव्हा ‘अटर्नी’ हे पद जाऊन सर्वांना ‘सॉलिसिटर’ हे एकच नाव मिळाले. १८८८ च्या पुरवणी सनदेने संस्थेचेही नाव बदलले. खरा टप्पा १८९८ चा. त्या वर्षीच्या सॉलिसिटर कायद्याने उमेदवारांचे शिक्षण, परीक्षा आणि वर्तनावरची देखरेख हे सारे सोसायटीकडे आले. तक्रारीची चौकशी सोसायटीच्या अनुभवी सभासदांनी करावी आणि शिक्षेचा निर्णय न्यायपीठाने द्यावा अशी ही व्यवस्था होती.

संघटनेने सुरुवातीला मागितला होता मान. मिळाली त्याबरोबर जबाबदारी. आपल्याच सहव्यावसायिकाविरुद्धची तक्रार ऐकायला बसणे हे सोपे काम नाही, विशेषतः जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात अशा लहान देशात. ते काम वर्षानुवर्षे विनामोबदला करणाऱ्या सभासदांची नावे फारशी कुठे झळकलेली नाहीत. संस्थेची पत मात्र त्यांच्यामुळे वाढली.

१९०० ते १९२० ची दशके: आगीतून

१९०७ मध्ये सोसायटीचे मुखपत्र ‘गॅझेट’ सुरू झाले, ते आजही निघते. पुढे देशावर वादळ आले. १९१६ च्या उठावात फोर कोर्ट्सच्या इमारती बंडखोरांच्या ताब्यात होत्या. १९२२ च्या यादवी युद्धात त्याच इमारती तोफा आणि स्फोटांनी उद्ध्वस्त झाल्या. शेजारचे सरकारी दफ्तरखाने जळाले आणि शतकानुशतकांची मृत्युपत्रे, दस्त, जनगणनेचे कागद राख झाले. त्यानंतर गावोगावच्या सॉलिसिटरांच्या कपाटांतल्या प्रतींना मोल आले. अशिलाचा कागद जपून ठेवणे हा शिष्टाचाराचा नियम कशासाठी, हे त्या वर्षांनी शिकवले.

फाळणीमुळे १९२२ मध्ये उत्तर आयर्लंडसाठी वेगळी लॉ सोसायटी स्थापन झाली. १९२३ मध्ये मेरी डोरोथिया हेरन आणि हेलेना अर्ली या सॉलिसिटरांच्या पटावर आलेल्या पहिल्या स्त्रिया. मुंबईत मिठन टाटा यांनी वकिलीला सुरुवात केली तीही याच सुमारास. १९२९ च्या कायद्याने नव्या सॉलिसिटराला आयरिश भाषेची परीक्षा सक्तीची झाली. ही सक्ती २००८ मध्ये सैल करण्यात आली. न्यायालयात मायबोली यावी म्हणून महाराष्ट्रात झालेली धडपड ज्यांना ठाऊक आहे त्यांना यामागची कळकळ समजेल.

१९३० आणि १९४० ची दशके

नव्या राष्ट्राची घडी बसण्याचा आणि महायुद्धाच्या टंचाईचा हा काळ. संस्थेने आपले नित्याचे काम नेटाने चालू ठेवले.

१९५० आणि १९६० ची दशके: न्यायनिवाडा कोणी करायचा?

या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग इथे येतो. १९५४ मध्ये आयरिश संसदेने नवा सॉलिसिटर कायदा केला. त्याने सोसायटीच्या शिस्तपालन समितीला थेट अधिकार दिला, की दोषी सॉलिसिटरचे नाव समितीनेच पटावरून काढून टाकावे. दोषी व्यक्तीला सरन्यायाधीशांकडे अपील करता येई. समितीने दोन सॉलिसिटरांची नावे काढली आणि ते न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे, की आयर्लंडच्या राज्यघटनेनुसार न्यायदान हे न्यायाधीशांचे काम आहे. घटनेचे ३७ वे कलम न्यायाधीश नसलेल्यांना केवळ मर्यादित स्वरूपाचे न्यायिक अधिकार देऊ देते. मग माणसाचा व्यवसायच कायमचा काढून घेणे मर्यादित कसे?

सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. न्यायमूर्ती किंग्जमिल मूर यांनी वाचलेल्या निकालाचा आशय असा, की अधिकार मोठा की लहान हे त्याच्या यादीच्या लांबीवरून ठरत नाही, तो वापरल्यावर माणसाच्या आयुष्यावर, मिळकतीवर आणि अब्रूवर किती खोल घाव बसतो त्यावरून ठरते. सॉलिसिटरचे नाव पटावरून जाणे हा असा घाव आहे आणि तो घालण्याचा अधिकार न्यायाधीशाचा आहे. कायद्यातली ती तरतूद घटनाबाह्य ठरली.

संस्थेला हा निकाल जड गेला असणार. परंतु तिने तो स्वीकारला, आणि १९६० च्या दुरुस्ती कायद्याने नवी रचना उभी राहिली. समिती चौकशी करील, निष्कर्ष लिहील. नाव काढायचे की नाही ते उच्च न्यायालय ठरवील. हा सांगाडा पुढच्या सगळ्या बदलांतून टिकला, आजही टिकून आहे.

मराठी वाचकांना यात विशेष रस वाटावा असे कारण आहे. आयर्लंडने हा अधिकार न्यायालयाकडे परत नेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, भारताच्या संसदेने ॲडव्होकेट्स ॲक्ट करून नेमके उलटे पाऊल टाकले. तोवर वकिलावर अंतिम कारवाई उच्च न्यायालय करी. नव्या कायद्याच्या ३५ व्या कलमाने ती राज्याच्या बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे आली. सनद रद्द करण्यापर्यंतचा अधिकार समितीला मिळाला. अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात. मुंबईत दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयाबाहेर अशिलांवर झडप घालून, एकमेकांशी झोंबाझोंबी करून वकीलपत्रे मिळवणाऱ्या वकिलांचे प्रकरण याच वाटेने दिल्लीपर्यंत गेले. १९७५ च्या दाभोलकर निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले, की बार कौन्सिल ही लोकांच्या वतीने व्यवसायाची शुद्धता राखणारी संस्था आहे, म्हणून समितीच्या निर्णयाविरुद्ध ती स्वतः अपील करू शकते.

दोन्ही देशांची राज्यघटना जवळच्या नात्यातली. आपली मार्गदर्शक तत्त्वे तर आयर्लंडच्याच घटनेवरून घेतलेली. तरीही एकाच सुमारास दोघांनी भिन्न वाटा धरल्या. आमचे मत विचाराल तर माणसाची उपजीविका हिरावणारा शेवटचा शब्द न्यायाधीशाचाच असावा. त्यात दोषीला न्याय मिळतो, आणि निकाल भाऊबंदकीतून किंवा दडपणातून आला असा संशय घ्यायला तक्रारदारालाही जागा उरत नाही.

आयर्लंडच्या १९५४ आणि १९६० च्या कायद्यांनी आणखी एक मोठे काम केले, ते नुकसानभरपाई निधीचे. सॉलिसिटरने अप्रामाणिकपणे अशिलाचा पैसा खाल्ला तर ती तूट या निधीतून भरून द्यायची, आणि निधीत पैसे घालायचे ते देशातल्या सर्व सॉलिसिटरांनी. प्रामाणिक माणसाने अप्रामाणिकाचे देणे फेडायचे, हे स्वीकारणे किती कठीण! तरीही हा भार व्यवसायाने उचलला आणि आजवर वाहिला. आपल्याकडे वकिलांच्या कल्याणासाठी निधी आहेत, अशिलाच्या बुडालेल्या पैशासाठी असा निधी नाही. महाराष्ट्रातल्या वकील मंडळींनी यावर जरूर विचार करावा.

१९७० चे दशक: ब्लॅकहॉल प्लेस

१९७३ ते १९७७ या काळात आयर्लंडचे न्यायमंत्री होते ॲथलोनचे पॅट्रिक कूनी, स्वतः सॉलिसिटर. पोटगीविषयीचा १९७६ चा कायदा त्यांच्या कारकिर्दीत झाला. गावातल्या कचेरीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकणारा माणूस मंत्रालयात गेला की कायद्याला कसा हातभार लागतो, ते त्यातून दिसते.

१९७८ मध्ये सोसायटी ब्लॅकहॉल प्लेस येथील वास्तूत गेली. टॉमस आयव्हरी यांनी अठराव्या शतकात आराखडा केलेली ही पूर्वीच्या किंग्ज हॉस्पिटल शाळेची इमारत. ती घेणे आणि दुरुस्त करणे यासाठी दहा वर्षे सभासद झटले. शिक्षण, ग्रंथालय, सभा आणि नियमन एका छपराखाली आले. १९८० मध्ये मोया क्विनलन अध्यक्ष झाल्या. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

१९८० आणि १९९० ची दशके: अशिलाचे म्हणणे

जुन्या शिस्तीत गैरवर्तनाला शिक्षा होती. मात्र काम रेंगाळले, पत्राला उत्तर आले नाही, बिल अवाच्या सवा आले, यांवर अशिलाने काय करायचे? बहुसंख्य लोकांचे दुःख याच प्रकारचे असते. १९९४ च्या दुरुस्ती कायद्याने ही उणीव भरली. निकृष्ट सेवा आणि अवाजवी फी यांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्याचा, बिल कमी करायला लावण्याचा अधिकार सोसायटीला मिळाला. शिस्तपालन न्यायाधिकरणात वकील नसलेले सदस्यही बसू लागले. १८८८ मध्ये नावात आलेला ‘इन्कॉर्पोरेटेड’ हा शब्द जाऊन संस्था नुसती लॉ सोसायटी ऑफ आयर्लंड झाली.

या कायद्याचे ६८ वे कलम सामान्य माणसाच्या उपयोगाचे होते. काम हाती घेताना फी किती किंवा ती कशी ठरेल हे सॉलिसिटरने लेखी कळवायचे. आणि न्यायालयीन दाव्यात मिळणाऱ्या भरपाईच्या टक्केवारीवर फी आकारायची नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात दाव्याच्या रकमेत वाटा ठरवणे हे व्यावसायिक गैरवर्तन मानले होते. वकिलाचा हिस्सा दाव्यात गुंतला की त्याचा सल्ला निखळ राहत नाही, ही जाण दोन्हीकडे सारखीच.

२००० चे दशक: परीक्षेचा काळ

हे दशक संस्थेला फार कठीण गेले. बालपणी निवासी संस्थांमध्ये अत्याचार सोसलेल्यांसाठी २००२ मध्ये सरकारने भरपाई मंडळ नेमले. अर्जदाराच्या वकिलाची फी मंडळच देत असे. तरीही काही सॉलिसिटरांनी पीडितांच्या भरपाईतूनही पैसे कापून घेतल्याचे २००५ च्या सुमारास बाहेर आले. ज्यांचे बालपण हिरावले गेले त्यांच्याच हातातून पुन्हा पैसे घ्यावेत, याची सगळ्या देशाला चीड आली. सोसायटीने अशा अर्जदारांना पुढे येण्याचे आवाहन केले आणि तक्रारी हाताळल्या.

त्यानंतर २००७ मध्ये डब्लिनमधल्या दोन सॉलिसिटरांची प्रकरणे उघडकीस आली. ती समजण्यासाठी इथल्या घरखरेदीची रीत माहीत हवी. कर्ज देताना बँक पैसे आधी सोडते आणि तारण नोंदवण्याचे काम सॉलिसिटरच्या लेखी हमीवर सोपवते. सॉलिसिटरने हमी दिली म्हणजे ते काम झालेच, अशी जुनी रूढी. या हमीचा दुरुपयोग करून एकाच मालमत्तेवर अनेक बँकांकडून कर्जे उचलण्यात आली. कोट्यवधी युरोंचा फटका बसला. न्यायालयाने दोघांना पटावरून काढले. नुसत्या शब्दावर चाललेला सगळा व्यवहारच त्यामुळे डळमळला.

सोसायटीने यातून नियम कडक केले. व्यापारी मालमत्तेच्या कर्जात सॉलिसिटरने स्वतःच्याच कर्जदार अशिलातर्फे बँकेला हमी देण्याची प्रथा २०१० च्या नियमांनी बंद झाली. हिशेब तपासनीसांच्या भेटी वाढल्या. प्रत्येक सॉलिसिटरने कचेरीचे खाते आणि अशिलांचे खाते वेगळे ठेवायचे, दरवर्षी लेखापालाचा अहवाल द्यायचा आणि तपासनीस पूर्वसूचनेशिवाय आला तरी वह्या पुढे करायच्या, हा नियम ॲथलोनच्या एकट्याने चालवलेल्या कचेरीलाही तितकाच लागू आहे. या तपासणी विभागातल्या कर्मचाऱ्यांचे ऋण व्यवसायाने आणि जनतेने मानायला हवे.

२०१० चे दशक: नवी वाटणी

२०१० च्या अखेरीस आयर्लंड आर्थिक संकटात सापडला आणि युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत घ्यावी लागली. मदतीच्या अटींमध्ये वकिली व्यवसायासाठी स्वतंत्र नियामक नेमण्याची अट होती. व्यवसायाने स्वतःवर स्वतःच देखरेख ठेवण्याबद्दल स्पर्धा प्राधिकरणाने २००६ मध्येच प्रश्न उपस्थित केले होते. व्यवसायाने सॉलिसिटर असलेले न्यायमंत्री ॲलन शॅटर यांनी २०११ मध्ये विधेयक आणले. त्यावर दीर्घ चर्चा झाली, नियामक सरकारच्या मुठीत जाऊ नये यासाठी दुरुस्त्या झाल्या. मतभिन्नता होती, तशी ती जिवंत संस्थेत असायचीच. फ्रान्सिस फिट्झगेराल्ड मंत्री असताना २०१५ च्या अखेरीस कायदा संमत झाला.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी लीगल सर्व्हिसेस रेग्युलेटरी ऑथॉरिटी अस्तित्वात आली. तिचे सदस्य अकरा. बहुमत आणि अध्यक्षपद दोन्ही वकील नसलेल्यांकडे. ७ ऑक्टोबर २०१९ पासून सॉलिसिटरांविरुद्धच्या नव्या तक्रारी सोसायटीऐवजी या प्राधिकरणाकडे जाऊ लागल्या. बॅरिस्टरही प्रथमच कायद्याने ठरवलेल्या तक्रार यंत्रणेखाली आले. १८९८ मध्ये कष्टाने मिळालेला तक्रारी ऐकण्याचा अधिकार सोसायटीने दुसऱ्याच्या हाती दिला. या वागण्यात मोठेपणा आहे असे आम्हाला वाटते.

२०२० चे दशक: आजचे कार्य

२०२० च्या अखेरीस दोन्ही शाखांसाठी एकच शिस्तपालन न्यायाधिकरण स्थापन झाले. आज ॲथलोनच्या एखाद्या अशिलाला सॉलिसिटरबद्दल तक्रार असेल तर तिची वाट अशी. निकृष्ट सेवा किंवा जादा फी असेल तर तीन वर्षांच्या आत प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करायचा. आधी दोघांमध्ये सामोपचाराचा प्रयत्न होतो. तो फसला तर प्राधिकरण निर्णय देते. काम पुन्हा नीट करून देणे, बिल कमी करणे किंवा तीन हजार युरोंपर्यंत भरपाई असे आदेश निघू शकतात. गंभीर गैरवर्तन असेल तर प्रकरण न्यायाधिकरणापुढे जाते, आणि पटावरून नाव काढण्याचा निर्णय आजही उच्च न्यायालयच घेते.

सोसायटीकडे उरलेले काम थोडे नाही. अशिलांच्या खात्यांची तपासणी, नुकसानभरपाई निधी, दरवर्षीचे व्यवसाय प्रमाणपत्र, गैरमार्गाच्या पैशावर नजर आणि नव्या पिढीचे शिक्षण हे सर्व ती पाहते. २०१४ च्या अखेरीस व्यवसाय करणाऱ्या सॉलिसिटरांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली. ब्रेक्झिटच्या निर्णयानंतर इंग्लंडमधल्या अनेक सॉलिसिटरांनी आयरिश पटावर नाव नोंदवले.

इथे वाढणारी मराठी मुलेही आता कायद्याच्या शिक्षणाकडे वळू लागतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडी माहिती. पदवीनंतर सोसायटीची प्रवेश परीक्षा असते. तिचे विषय आठ: कंपनी कायदा, घटना, करार, फौजदारी, इक्विटी, युरोपीय संघाचा कायदा, मालमत्ता आणि टॉर्ट. त्यानंतर एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी आणि ब्लॅकहॉल प्लेसचा अभ्यासक्रम. उमेदवारीसाठी ॲथलोनबाहेर जाण्याची गरज नाही. आवश्यक अनुभव असलेला इथला सॉलिसिटरही उमेदवार घेऊ शकतो.